बाबांची फरशी

दादा,

बाबांच्या व्हिडिओ टेप डिस्कवर उतरवायला तू आणलेला रेकॉर्डर मी दुकानात बदलून घेतला. त्याच्यावर कापलेला भाग कायमचा पुसला जातो. हा नवा तुकडे कापतो, जोडतो आणि मूळ चित्रणही जपून ठेवतो. विक्रेत्याकडून तीनदा करून घेतलं, मगच उचलला.

काल तू म्हणालास, "बाबांना कॅमेरा बंद करणं जन्मात जमलं नाही, तो फरशीचा कचरा आधी उडवू." खरंच जमलं नाही. प्रत्येक वाढदिवसानंतर कॅमेरा हातात खाली लोंबत चालूच, टेपवर दहा मिनिटं नुसती फरशी आणि त्यांच्या चपला. पण चित्रण नेहमी तेच करायचे, त्यामुळे वाढदिवसांत ते कुठेच नाहीत. मेणबत्त्या विझेपर्यंत श्वास रोखून गप्प असायचे. ते गेल्यावर आता त्यांचा आवाज फक्त त्या फरशीवर आहे. आईला चिडवतात, तुझ्या मार्कांवर पांघरूण घालतात, बेसूर गुणगुणतात.

वाढदिवसांची डिस्क तुला हवी तशी काटछाट करून बनव. फरशीचे सगळे तुकडे जोडून दुसरी डिस्क मी बनवणार, त्यातला एक सेकंदही जाणार नाही. तोवर टेप माझ्या कपाटात आहेत आणि किल्ली माझ्याकडे. खुशाल चीड.

आईला विचारलं, आधी कोणती बघायची? म्हणाली, "चपलांची लाव."