वेलीतलं उलटं पान

पोरी,

टेबल न्यायला टेम्पो अकराला येईल. खण बाहेर काढूनच उचलायला सांग. पाय विलायती घाटाचे आहेत, दिसायला ऐटबाज, पण ओढाओढ सोसणार नाहीत. चहा झाकून ठेवलाय.

मी आपल्याला काम देणाऱ्या दुकानदाराकडे चाललोय. यापुढे माझ्या भरवशावर जडावाचं काम घेऊ नका, एवढंच सांगायचंय. काठी घेतली आहे. अक्षर ओळीवरून घसरलं असेल, सांभाळून घे.

परवा टेबलाच्या झाकणावर जडवलेल्या वेलीवर बोट फिरवलं तेव्हा कळलं, एक हस्तिदंती पाकळी मी उलटी बसवली होती. लाज वाटली, तुला सांगितलं नाही. आज सकाळी ती सुलटी लागली. मग सगळी वेल चाचपली. तू सरस जरा जास्त लावतेस, कडेला त्याचा सुकलेला दाणा राहतो. असे अकरा दाणे हाताला लागले. म्हणजे दुपारी मी आडवा झालो की तू माझ्यामागे निस्तरत होतीस, आणि संध्याकाळी मलाच म्हणायचीस, "बाबा, तुमचा हात अजून तस्साच आहे." खोटारडी कुठली!

माझ्या पटाश्या तुझ्या पेटीत ठेवल्यात. धार कालच लावलीय, जपून.

कुलपाच्या डावीकडच्या पानालाही तुझा दाणा आहे, पण ते तूच उलटं बसवलंयस. शिरा देठाकडे जुळायला हव्या होत्या. मी हात लावला नाही. कोणी बोट दाखवलंच, तर सांग, आंधळ्या म्हाताऱ्याचं काम आहे.

बाबा