तुमच्या घरी, दोन वाजता

१९ डिसेंबर, गुरुवार

आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. वेळ नक्की आहे, कारण मी घड्याळ बघत बसलो होतो — माझी रोजची गिऱ्हाईकं, म्हातारा-म्हातारी, वीस मिनिटं उशिरा आली आणि मी तापलो होतो. त्यांच्या मागून ती जिना उतरली. नात. काल डोंगराकडच्या प्वेब्लाहून आलेली. नोएलिया.

आमच्या उघड्या टॅक्सीला सगळं मासातलान शहर 'न्यूमोनिया' म्हणतं. मामानं तेच नाव आपल्या गाडीच्या नाकावर लाल अक्षरांत रंगवून घेतलंय. तिनं वाचलं आणि आजीला विचारलं, "यात बसायचं, की यावर औषध घ्यायचं?"

पहिला गिअर टाकायचा तर तिसरा पडला. गाडी बंद. म्हातारा मागून म्हणाला, "सावकाश. आम्हाला कुठंच पोचायचं नाहीये."

२० डिसेंबर

हेच मला कळत नाही. कुठंच पोचायचं नाही म्हणजे काय?

दॉन फिदेन्सियो आणि दोन्या एर्नेस्तीना (वडीलधाऱ्यांना आम्ही दॉन, दोन्या म्हणतो) नोव्हेंबरच्या शेवटी प्वेब्लाहून आले, फेब्रुवारी संपेपर्यंत राहणार. लोखंडी सामानाच्या दुकानावरच्या दोन खोल्या घेतल्यात. रोज दहाला मी त्यांना समुद्रकाठच्या रस्त्यानं नेतो. एका बाकाशी थांबतो. ते बसतात. पाणकोळी पक्षी बघतात. तासाभरानं दोन्या म्हणते, "पुढचा बाक बघू या का?" पुढचा बाक! दोनशे पावलांवर. परत बसतात. मग लिंबू-मिरचीतली कोळंबी, एका बशीत दोन चमचे. मग घरी. एवढाच दिवस.

आणि एकमेकांना 'तुम्ही' म्हणतात. ती त्याला, तोही तिला. "तुम्हाला ऊन लागतंय का?" "नाही, तुम्ही इकडं सरका." जणू आत्ताच कुणी ओळख करून दिली. शेहेचाळीस वर्षं झालीयत लग्नाला! आमच्याकडं मासळीवाला बिशपलाही 'तू' म्हणेल.

मी आरशातून बघत असतो. आधी कंटाळा यायचा. आता वाटतं, यांना काहीतरी माहीत आहे आणि ते सांगत नाहीयत.

२२ डिसेंबर

तिचा रुमाल गाडीत राहिला. परत दिला. उगाच दिला.

२७ डिसेंबर

नोएलिया आज पुढं बसली, माझ्या शेजारी. मागं दोघं आपल्या तंद्रीत.

म्हणाली, "तुमच्या इथली माणसं भांडल्यासारखी का बोलतात?"

मी म्हटलं, "आणि तुमच्याकडची? चर्चमध्ये कुणी झोपलंय असं."

हसली. मग विचारलं, कॉलेज का सोडलं. तिला कुणी सांगितलं? आई! दुसरं कोण. परवा घरासमोरून जाताना मी "ते पिवळं घर आमचं" असं दाखवलं, आई दारातच होती, पाच मिनिटांत तिनं माझी सगळी कुंडली वाचून दाखवली.

सांगितलं. मत्स्यशास्त्र, दुसरं वर्ष. भर वर्गात सर म्हणाले, "इराम, कोळ्याच्या पोरानं मासे पकडावेत." मी माझा पेपर फाडला, त्यांच्या टेबलावर ठेवला आणि निघालो.

"आणि त्यापुढं ते काय म्हणाले?"

"कोण?"

"तुमचे सर. वाक्य तिथंच संपलं, की पुढं काही होतं?"

माहीत नाही. मी थांबलो कुठं? असं तिला म्हणालो. ती समुद्राकडं बघायला लागली. दीड वर्षात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मलाही पडला नव्हता.

तिचा नंबर मागायचा होता. नाही मागितला. वर्ग सोडून जायची हिंमत आहे, नंबर मागायची नाही.

३१ डिसेंबर

तोरीब्यो मामा म्हणतो, "भाच्या, हल्ली फार हळू चालवतोस. गाडी बिघडली का?"

२ जानेवारी, गुरुवार

गाडी लावली आणि आधी वही उघडली.

सोडायला गेलो तेव्हा दॉन फिदेन्सियोनं टोपी काढली — काढूनच बोलतो तो महत्त्वाचं असेल तर — आणि म्हणाला, "येत्या रविवारी दोन वाजता तुमच्या घरी जेवू या. तुमच्या आईसाहेब असतील तर फारच छान."

नोएलिया मागं उभी. खाली बघत होती, पण कान लाल.

म्हणजे ते येणार. आमच्याकडं! मंगळवारी ती परत जाणार आहे, आणि त्याआधी तिचे आजी-आजोबा माझं घर बघायला येणार. याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळेल. मी रविवारी विचारणार. सगळ्यांसमोर. तिला पत्र लिहू का, प्वेब्लाला येऊ का, जे काही विचारतात ते.

आईला सांगितलं. तिनं आधी पंख्याकडं बघितलं, मग सोफ्याकडं, आणि म्हणाली, "अरे देवा."

४ जानेवारी

सोफ्याला शेजारणीची चादर. खुर्च्या मामाच्या. पंखा पुसला. भिंतीवरचा माझा शाळेतला फोटो आईनं काढला, मग परत लावला.

"प्वेब्लाची माणसं काय खातात रे?"

"तू कर ते खातील."

"असं म्हणू नकोस. ती शांत माणसं आहेत. शांत माणसं मनातल्या मनात नावं ठेवतात."

मामाच्या दोस्ताकडून तीन किलोचा तांबूस मासा आणला. आई त्याच्याशी बोलतेय.

५ जानेवारी, रविवार

दोन वाजले. अडीच. आई दाराशी. मासा कोळशावर, वर पावाएवढा लोण्याचा तुकडा.

तीन. आई म्हणाली, म्हातारी माणसं आहेत, डोळा लागला असेल. साडेतीनला म्हणाली, जाऊन बघून ये. मी म्हटलं, भीक मागायला? साडेचारला मामानं खुर्च्या न्यायला माणूस पाठवला. मी त्यालाही ओरडलो.

आईनं नवा ड्रेस बदलून जुना घातला आणि जेवायला बसली. ते मला बघवलं नाही.

कळलं मला. दोन बाक, पाणकोळी, गोड गोड 'तुम्ही' — ते सगळं बाकावर. ड्रायव्हरच्या टेबलावर नाही.

६ जानेवारी

गेलो. दहाला, रोजच्यासारखा. तिघंही खाली उभे होते. दॉन फिदेन्सियोनं टोपी काढली, काही बोलायला तोंड उघडलं.

मी आधी बोललो. "ड्रायव्हरच्या घरी जेवायचं नव्हतं, तर तसं सांगायचं. माझ्या आईला दारात उभं करायचं नव्हतं."

त्यानं हात अर्धा वर केला. नोएलिया म्हणाली, "इराम, थांबा जरा —"

नाही थांबलो. गिअर या वेळी बरोबर पडला.

आज बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचा सण. सगळ्या शहरात गोल केक कापतायत. आमच्याकडं कालचा मासा.

७ जानेवारी

ती गेली असणार. स्टँडवर गेलो नाही.

९ जानेवारी, गुरुवार

आई बाजारातून आली ती टोमॅटोची पिशवी धरून दारातच हसायला लागली. मग रडायला लागली. मग पिशवी माझ्या डोक्यात घातली.

तिला दोन्या एर्नेस्तीना भेटली होती. मिरच्यांच्या गाळ्यावर. आईनं तोंड फिरवलं तर हीच पुढं आली आणि म्हणाली, "बाई, आमचं काय चुकलं? दोन दिवस खपून मोलेचा रस्सा केला होता. कोंबड्या प्वेब्लाच्या पद्धतीनं शिजवल्या. दोन वाजल्यापासून तुमची वाट बघत होतो. इराम आले नाहीत, तुम्ही आला नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी असं बोलावं?"

आई म्हणाली, "वाट? आम्ही तुमची वाट बघत होतो! तुम्हीच म्हणालात, तुमच्या घरी."

"हो ना. तुमच्या घरी. त्या दुकानावरच्या."

आईनं मला हे तीन वेळा सांगितलं तेव्हा डोक्यात उतरलं. "अरे गाढवा, तिकडं सभ्य माणूस 'माझं घर' असं म्हणतच नाही. उद्धटपणा वाटतो त्यांना. आपल्याच घराला 'तुमचं घर' म्हणतात — म्हणजे तुमचंच समजा, या. माझी आजीही डोंगराकडची, तीही असंच बोलायची. मेली मी कशी विसरले!"

भाड्याच्या दोन खोल्या, त्याही लोखंडी दुकानावरच्या. आणि त्या माझ्या!

आई डोळे पुसत म्हणाली, "आपण समुद्रकाठची माणसं. आपलं घर ते आपलं. तिला सांगितलं मी, तीही हसली. पण तो नाही हसणार, म्हणाली. त्याला लागलंय."

"कुणाला?"

"म्हाताऱ्याला. तू काय बोललास, ड्रायव्हरचं घर? तो अडतीस वर्षं बस चालवत होता, इराम. प्वेब्ला ते तेवाकान. रोज दोन फेऱ्या."

इथं थांबतो.

१० जानेवारी, शुक्रवार

गेलो. जिना चढताना तयारी करत होतो, दार उघडलं आणि सगळं विसरलो. म्हटलं, "चूक झाली."

दॉन फिदेन्सियोनं खुर्ची पुढं सरकवली. "बसा," म्हणाला. "तुमचंच घर आहे."

तो चिडवत होता की काय, अजून कळलेलं नाही. चेहरा तसाच.

दोन्यानं पुढ्यात ताट ठेवलं. काळा दाट रस्सा, वर तीळ. "पाच दिवसांचा आहे. मोले शिळाच चांगला." मी खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीचं, असं म्हणालो. आमच्या गावच्या मिरचीनं कधी येत नाही.

शेवटी विचारलंच. इतके दिवस पोटात होतं. तुम्ही दोघं एकमेकांना 'तुम्ही' का म्हणता?

दोन्या नवऱ्याकडं बघून म्हणाली, "सांगू का इरामना? लग्नाच्या पहिल्या वर्षी हे फार तापट होते. यांच्या बसमधून लोक मधेच उतरायचे. मी म्हटलं, भांडा हवं तितकं, पण 'तुम्ही' म्हणून. 'तुम्ही'नं वाक्य लांब होतं. शिवी शेवटी येते. तोपर्यंत अर्धा राग जातो."

"आणि यांचा?" तो म्हणाला. "मी एकटाच तापट होतो का?"

"माझा नाही जायचा. मी वाक्य पूर्ण करायचे."

मग का कोण जाणे, मीच बोलत सुटलो. सोफ्याची चादर, मामाच्या खुर्च्या, फोटो काढला-लावला, सगळं. म्हटलं, मी रविवारी तुमच्यासमोर नोएलियाला विचारणार होतो. मी कॉलेज सोडलेला, मामाची गाडी चालवणारा, अर्धं वाक्य ऐकून उठणारा माणूस आहे. पण ती शेजारी बसली की मला उद्या काय करायचं ते सुचतं. याआधी कधी सुचलं नव्हतं. त्या सरांकडंही जायचंय मला. ते पुढं काय म्हणाले ते विचारायला. आता तिला हे कसं सांगू? तिचा नंबरसुद्धा नाही माझ्याकडं.

दोन्या एर्नेस्तीना ताटातल्या तिळांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "नंबर मी देणार नाही. तो जिचा तिनं द्यायचा."

बरोबरच आहे. वाईट वाटलं, पण राग आला नाही. नवीनच वाटलं. जिना सावकाश उतरलो.

११ जानेवारी, शनिवार

दहाला गेलो. दॉन फिदेन्सियो एकटाच खाली. पुढं बसला, माझ्या शेजारी. पहिल्यांदाच. मी निघालो तसा म्हणाला, "क्लच जरा सैल आहे तुमचा." मी म्हटलं, मामाला सांगतो. दुसऱ्या बाकापाशी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बायकोला शब्द दिलाय, काही सांगणार नाही. पण मी बसवाला. गाडीची वेळ सांगणं माझं कामच आहे. मेहिकोची, तिथून पुढं प्वेब्लाला जातात; आज चार वाजता. फलाट सहा."

मला कळेना. कुणाची गाडी?

"मंगळवारची नोएलियानं जाऊ दिली. का, ते मला विचारू नका. काल ती आतल्या खोलीत होती. रेडिओ लावला होता तिनं. तुम्ही बोलायला लागलात तेव्हा बंद केला."

त्याला घरी सोडलं कसं, आठवत नाही. जेवलो की नाही, तेही नाही.

आता तीन वाजून दहा मिनिटं. आई विचारतेय, कुठं चाललास, शर्ट तरी बदल. शर्टाला वेळ नाही. वही टेबलावर राहू दे. निघालो. दार लावून घेतो.