उरलेले तीन पापे

प्रिय सोलांजताई,

आपल्या ब्रेस्तच्या रिवाजाप्रमाणे डाव्या गालावर एक पापा. तुझे गुडघे काय म्हणतात? बोका नीट जेवतो ना? (माझ्या उशीवर लोळत असेल तर हाकल मेल्याला, शनिवारी मी येतेच आहे.) माझ्यासाठी मागची खोली रिकामी केलीस, नवे पडदेसुद्धा लावलेस, हे वाचून अगदी भरून आलं. या वयात बाईनं एकटीनं राहू नये, हे तुझं म्हणणं शंभर टक्के पटलं. मी इथे आले ती फक्त बेर्तमावशीच्या माघारी आपल्याकडे आलेलं घर एकदा बघून, विक्रीसाठी किल्ल्या नोटरीच्या हवाली करायला. तेव्हा काळजी नसावी. फक्त एवढंच झालं, की गावात पाऊल टाकल्या टाकल्या मी एका माणसाला नदीत पाडलं.

मावशीचे शेजारी आन्सेल्म बोद्री घाटावर आपल्या नावेपाशी उभे होते. (बायको जाऊन बरीच वर्षं झाली, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, पण मिशा कशा नीट विंचरलेल्या!) माणूस सभ्य. स्वागताला गाल पुढे केला. मीही आपला एक पापा दिला आणि बॅग उचलून घराकडे वळले. मला मेलीला काय ठाऊक, की ल्वार नदीच्या या काठावर चार लागतात? बिचारे दुसऱ्यासाठी डोळे मिटून वाकले, समोर गालच नाही, आणि गेले ते थेट पाण्यात. सोबत सकाळपासून धरलेल्या माशांची टोपलीही. मासे तेवढे खूश झाले असतील.

पाणी कमरेइतकंच होतं, पण बोभाटा गावभर झाला. इथे पापे अर्धवट टाकले म्हणजे उभं भांडण मांडलं, हे मला पाववाल्या रोझीनबाईकडून कळलं. पाव मागितला तर म्हणते कशी, "आधी त्यांचे उरलेले तीन देऊन या. तोवर हा करपलेला घ्या." करपलेला! आणि मागच्या फळीवर खरपूस पावांची रांग दिसतेय गं! मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे एकात भागतं." तर म्हणे, "म्हणूनच तिकडे सदा पाऊस!" आता बोला.

शेवटी तू नोटरीसाठी दिलेला लोण्याचा केक घेतला आणि आन्सेल्मरावांचं दार ठोठावलं. घोंगडी पांघरून शेगडीपाशी शिंकत बसले होते. माफी मागितली आणि (माझी खोड तुला माहीतच आहे) लगेच चौकशीला लागले. मावशीच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर एक रेघ कोरलीय, पुढे साल घातलंय, ते काय? तर म्हणे पुराची खूण.

"अगं बाई! मग मावशी काय करायची?"

"दारं सताड उघडून माडीवर जाऊन बसायच्या. पाणी येतं, हिंडतं, जातं. दार लावून बसलात तर भिंतच ढकलतं."

"आणि चिखल?"

"तो सगळे मिळून काढतो. त्यांच्याकडे आम्ही, आमच्याकडे त्या. वर त्यांचं कांद्याचं सूप."

ताई, मावशी एकटी पडली म्हणून आपण दर नाताळला हळहळायचो. एकटी कसली! मला तर तिचा हेवा वाटला. ब्रेस्तला माझ्या जिन्यात चिखल झाला तर कोण येईल गं?

निघताना तिन्ही पापे दिले. (मिशा टोचतात.) पण असे तुटक दिलेले चालत नाहीत, असं आन्सेल्मरावांचं म्हणणं पडलं. मग पहिल्यापासून सगळे पुन्हा द्यावे लागले.

घर मात्र फार ओलसर आहे. विकलेलंच बरं.

तुझी आज्ञाधारक धाकटी,
क्लेमांस

ता. क. आज रोझीनबाईनं खरपूस पाव दिला. न मागता.

आणखी एक ता. क. किल्ल्या अजून माझ्याच पर्समध्ये आहेत, आणि तिथेच राहणार. माझा जाड कोट, रबरी बूट आणि कॉफीची किटली पाठव. खोली बोक्याला दे, पडदे तसेही तोच फाडणार. रागावू नकोस गं. रागावलीसच तर इथे येऊन ओरड, माडीवर दोन पलंग आहेत. फक्त घाटावर उतरलीस की चार पुरे होईपर्यंत जागची हलू नकोस. आन्सेल्मरावांना पोहता येत नाही, आणि आता ते बुडालेले मला चालायचे नाहीत.