थांबून थांबून फिरणारा पंखा

३ जून, लिंडी

इतिहासाने दखल घ्यावी अशी एक तक्रार आधी नोंदवून ठेवतो. दार-एस-सलामहून इथवर दिवसभर बसने आदळत आलो, तरी माझं एक हाड जागचं हललं नाही, झुहुराची आंब्याच्या लोणच्याची बरणी फुटली नाही. पण माझ्या कॉम्प्युटरच्या पंख्याने संप पुकारला आहे. प्रोसेसरच्या डोक्यावर बसणारा तो तळहाताएवढा पंखा मनात येईल तेव्हा थांबतो, मनात येईल तेव्हा फिरू लागतो. वर्तमानपत्राने मला दक्षिण किनाऱ्याचा बातमीदार करून इथं धाडलं आहे. काजूच्या आणि बंदराच्या बातम्या आता मी कशा पाठवायच्या, ते वायुदेव जाणे.

बाकी सगळं छान. घर समुद्राकडे तोंड करून आहे. ओट्यावर वारा इतका, की झुहुराने आल्याबरोबर चपला काढून तिथंच बैठक मारली आणि पंडितांनी सामान लावावं असा हुकूम सोडला. वडिलांनी दार-एस-सलामच्या दुकानामागे बसवून माझ्याकडून संस्कृत घोकून घेतलं होतं, तेव्हापासून मी तिचा पंडित. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिची ही थट्टा शिळी होत नाही.

घरमालकीण बी किडावा, म्हणजे किडावाबाई, शेजारीच राहतात. किल्ली देताना त्यांनी एक गोष्ट बजावली. दारावर हाक आली तर आधी खिडकीतून माणूस बघायचा, मग ‘करीबू’, म्हणजे या, म्हणायचं. मी म्हटलं, या किनाऱ्यावर जन्म गेला, हाक पुरी व्हायच्या आत तोंडातून ‘करीबू’ निघतं. जन्म गेला तो दुसऱ्या घरांत, भाऊ, असं म्हणून त्या गेल्या.

६ जून

पंख्याची शुश्रूषा केली. पेटी उघडली, रंगाच्या ब्रशने धूळ झाडली, वायरी काढून पुन्हा घट्ट बसवल्या. सकाळभर पंखा गुणी बाळासारखा फिरला. दुपारी जेवून बसलो आणि थांबला. थोड्या वेळाने आपोआप सुरू. पूरक, कुंभक, रेचक, सगळं यथासांग. झुहुराला म्हटलं, हा योगी आहे. ती म्हणाली, योगी असेल तर कामाला लागणार नाही, तुमच्याच गोत्रातला दिसतो.

थांबतो तेव्हा घर फार शांत होतं. तेवढं सोडलं तर विशेष काही नाही.

१० जून

काल बाजारातल्या चिलुंबा मिस्त्रीला बोलावलं. दोन घरं अलीकडूनच त्याने ओरडून हाक दिली, त्यामुळे खिडकीतून बघायचा प्रश्न आला नाही. माणूस बोलका आहे. खारा वारा, गंजलेलं बेअरिंग, वीज कमीजास्त, असे तीन रोग त्याने दारातूनच सांगितले आणि पेटी डोक्यावर घेऊन दुकानात नेली. संध्याकाळी परत आणली ती विजयी मुद्रेने. दिवसभरात पंखा एकदाही थांबला नाही म्हणे. मला म्हणाला, मास्तर, नुसता उंबरठा बदलला तरी यंत्र बरं झालं, तेव्हा दोष तुमच्या लेखांत असावा.

घरी लावला. दुपारची वेळ टळून गेली होती, म्हणून चालला. आज दुपारी मात्र पुन्हा थांबला.

१३ जून

चिलुंबाने प्रोसेसरवरचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला. पंखा कायम पूर्ण वेगाने फिरावा अशी मांडणी करून दिली. मग पंखाच बदलला. शेवटी विजेचा दाब सारखा ठेवणारी पेटी स्वतःच्या घरून आणून जोडली. नवा पंखाही जुन्यासारखाच थांबतो. चिलुंबाच्या थट्टा कमी झाल्या आहेत.

एक गोष्ट त्यानेच दाखवली. पंखा थांबला की पडद्यावरचा प्रोसेसरच्या तापाचा आकडा चढायला हवा. तो उतरतो. चिलुंबाने पेटीत हात घातला आणि लगेच काढून लुंगीला पुसला. आत गार आहे म्हणाला. चहा न घेता गेला.

मला असं वाटतं – लिहायलाही बरं वाटत नाही – की पंखा बिघडत नाही. त्याच्या आवाजाने कुणाला तरी नीट ऐकू येत नाही, म्हणून तो थांबवला जातो. घरात कोण आहे, ते ऐकायला.

१५ जून

चूक झाली.

दुपारी मी टेबलाखाली वायर बघत होतो. झुहुरा आत झोपली होती. पंखा थांबला आणि दारावर हाक आली. चिलुंबा यायचाच होता. हातात पेचकस, तोंडात स्क्रू, तशातच मी म्हणून गेलो, करीबू, करीबू, आत या. दार उघडंच होतं. कुणी आलं नाही. पंखा सुरू झाला.

चिलुंबा त्यानंतर बऱ्याच वेळाने आला. वाटेत सायकल पंक्चर झाली होती, आधी आलोच नाही म्हणाला.

१८ जून

त्या दुपारपासून पंखा एकदाही थांबलेला नाही. चिलुंबा श्रेय घेतो आहे. मी बी किडावांना सगळं सांगितलं. आवाज कुणाचा होता, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मिस्त्रीचा वाटला. मग म्हणाल्या, तुम्ही नीट बोलावलंत, भाऊ, दोनदा बोलावलंत. मी विचारलं, आता घालवायचं कसं? बोलावलेल्या पाहुण्याला जा म्हणायची आपल्यात रीत आहे का, असं त्यांनीच उलट विचारलं. पाहुणा स्वतः निरोप मागेल तेव्हा जातो. मी विचारलं, याआधी कुणी मागितला होता का? त्या उठून आपल्या घरी गेल्या. त्या आता आमच्या ओट्यावर बसत नाहीत.

२० जून

दुपारी झुहुराचा श्वास थांबला.

झोपेत. छाती वर गेली आणि तिथंच राहिली. हाताला गार लागली. मी हलवायला गेलो तेवढ्यात सुरू झाला. उठल्यावर म्हणाली, पंडित, चेहरा का असा, लोणचं सांडलंत का?

२३ जून

रोज होतं. डॉक्टर म्हणाले, उकाडा, वय, उताणं झोपू नका. तिच्या बहिणीकडे म्त्वाराला घेऊन गेलो. तिथंही दुपारी तेच. म्हणजे घर सोडून उपयोग नाही. परत आलो. मीच बोलावलं. तिने नाही.

बी किडावांच्या सांगण्यावरून मशिदीतले म्हातारे येऊन पठण करून गेले. झुहुराने त्यांना कॉफी दिली. जाताना त्यांच्यातल्या एकाने माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

२५ जून

श्वास परत आला, तिने डोळे उघडले, आणि मला म्हणाली – साहेब, पाणी प्यायलं तर चालेल का?

तिच्याच घरातला माठ. तिचाच पेला. मी हो म्हटल्यावर उठली. अंग चोरून, भिंतीकडेने. घर चांगलं आहे म्हणाली.

जरा वेळाने पंडित म्हणून हाक मारली. पाण्याचं काहीच आठवत नव्हतं.

२७ जून

साहेब म्हणायचा वेळ वाढतो आहे. बसू का विचारते. या खोलीत येऊ का. फार सभ्य. कधी जाणार, असं विचारायचं ओठांवर आलं – पण तोंड तिचं – तिला कसं म्हणू, जा –

पंखा उत्तम चालला आहे. मी वायर उपटली. काय उपयोग.

२९ जून

आज सकाळी थोडा वेळ ती होती. ओट्यावर बसलो. म्हणाली, पंडित, मला हल्ली झोपेची भीती वाटते, जागं ठेवा. गोष्टी सांगितल्या. वडिलांच्या छडीच्या. हसली. मग मान कलली –

३० जून

झोपली आहे. श्वास थांबला आहे.

खरं लिहितो. तिचा श्वास थांबण्याची भीती मला राहिलेली नाही. तो पुन्हा सुरू होतो तेव्हा डोळे कोण उघडेल, याची वाटते. रोज धावतो, हलवतो, हाका मारतो. आज उठलो नाही. दारापाशी बसून लिहितो आहे. मनात एकच येतं, की आता सुरू होऊ नये, आणि हे माझ्या मनात येतं याचीच –

अजून थांबलेलाच आहे. मी इथंच –