रुसलेल्या भीमसेनाचं बंद तोंड

जे. पी. नगर, बेंगळूर
श्रावण, १९९७

श्री. हणमंतराव (माशांच्या नात्यानं आमचे व्याही) यांस जयसिंगरावाचा रामराम. येलहंक्याच्या गारठ्यात आपला गुडघा कसा आहे? मालननं दिलेलं तेल लावता, की देवापुढं जाळता? फोनवर आपण माझं ऐकून न घेता रिसीव्हर ठेवता, म्हणून लिहितो.

"तुमचा भीमसेन आजारी आहे, आमची श्यामला परत पाठवा," हा आपला निरोप मिळाला. मुलीच्या बापाचं काळीज मी जाणतो, मग मुलगी मासोळी का असेना. पण आधी काय घडलं ते ऐका.

पंखाची काळी किनार ठसठशीत असेल तो नर, असं दुकानदार म्हणाला होता. शिवाय भीमसेनाचा सगळ्या टाकीवर दरारा. (आमच्या घरात दरारा कुणाचा, हा विचार तेव्हा सुचला नाही.) श्यामला लाजते, म्हणून आपण तिला मुलगी ठरवलीत. आपण दुधाच्या किटलीतून, दोन बस बदलून तिला आणलीत, मालननं टाकीच्या काचेला हळदकुंकू लावलं, लग्न लागलं. थोड्याच दिवसांत भीमसेन खाईना. गाल फुगवून, तोंड मिटून कोपऱ्यात उभा. दुकानदार म्हणाला, रोग आहे, स्वल्प मीठ घाला, सरी होईल, म्हणजे बरा होईल. मालन म्हणाली, "मीठ कसलं घालताय, नवरदेव रुसलाय. आपल्या लग्नात तुम्ही नव्हता का सायकलीसाठी ताटावरून उठला?" (मी घड्याळासाठी उठलो होतो, सायकल काकांनी मागितली.) मग आम्ही रुसवा काढू लागलो. वाटाणा झाला, कोळंबी झाली, मालननं तर चिरोट्याचा चुरा टाकला. नवरदेव ढिम्म.

काल श्यामलेला काढायला जाळी घेऊन गेलो, तर भीमसेनानं तोंड उघडलं, आणि हणमंतराव, त्या तोंडातून पिल्लं बाहेर आली. नखाएवढी सुद्धा नाहीत, नुसते डोळे पोहत होते म्हणा. माझी जाळी हलली मात्र, सगळी पुन्हा आईच्या तोंडात. मालन पदराला हात पुसत आली ती तशीच उभी राहिली. आत दूध उतू गेलं, आम्ही हललो नाही. ज्याला आम्ही रुसवा म्हणत होतो तो पाळणा होता. वाटाणा गिळायचा तर लेकरू गिळावं लागलं असतं, म्हणून बाई समोरचं पक्वान्न बघत उपाशी राहिली. मी साठी ओलांडली, पण भुकेला असं गप्प बसवलेलं पाहिलं नव्हतं.

लायब्ररीतल्या पुस्तकात ही जात सापडली, हिच्यात अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते ती आईच. आफ्रिकेतल्या तळ्यातली, शास्त्रातलं नाव लॅबिडोक्रोमिस सेरुलियस. सेरुलियस म्हणजे निळा, आणि मासा हळदीसारखा पिवळा. तेव्हा ओळखण्यात चुकणारे आपण दोघंच नाही, एवढं समाधान.

आपला,
जयसिंगराव (आता मुलीकडचा)

ता. क. पहिलं बाळंतपण माहेरीच झालं, रीत पाळली गेली. पिल्लं आपल्या कुळाची. मोठी झाली की किटली घेऊन या. भीमसेन हे नाव मात्र राहू द्या, मालन त्याच नावानं हाक मारून तिला दाणे घालते.

आणखी ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. श्यामलेला, म्हणजे जावईबापूंना, नेऊ नका. घरजावई राहू द्या. कालच्या जाळीच्या धाकानं आई पुन्हा तोंड मिटून बसली आहे, आता टाकीत जाळी घालायचा धीर मला होत नाही. आणि त्यांचे इथं हाल नाहीत. आज मालननं चिरोट्याचा चुरा त्यांच्यापुढं टाकला, तो सगळा संपवून ते आणखी मागत काचेशी आले. जावई कोण, ही शंका माझ्यापुरती तिथंच मिटली.