चौसष्ट नंबरची पाठ

३ नोव्हेंबर

परीक्षक! आणि मी! नवोदित कलाकारांच्या प्रदर्शनाचं पत्र आलंय. एकवीस वर्षांपूर्वी माझी दोन चित्रं लागली होती, तोच हॉल. यंदा तिन्ही परीक्षक तिथले जुने प्रदर्शकच हवेत म्हणे. यांना वाचून दाखवलं. "म्हणजे आता शाळेबाहेरही लोकांना नापास करणार," म्हणाले. हसले मी. ब्रश हातातून सुटून अकरा वर्षं झाली, हे पत्र पाठवणाऱ्यांना ठाऊक नसावं. वर्गात फळ्यावर फुलदाणी काढते, तेवढीच.

९ नोव्हेंबर

हॉल तसाच. खिळ्यांची भोकं बुजवून बुजवून भिंती खडबडीत झाल्यात. दुसरा परीक्षक, शिल्पकार, भेटला. आम्ही दोघं एकाच वर्षी लागलो होतो. टक्कल पडलंय, आवाज तोच. तिसरा फोटोग्राफर, आमच्यानंतरचा, सारखा घड्याळाकडे बघणारा.

एकशे बारा चित्रं भिंतीला टेकवलेली. नावं झाकलेली, नुसते नंबर. तिघांपैकी दोन हात वर गेले की आत, नाही तर बाहेर. पन्नासाव्या चित्रापर्यंत आम्ही तिघंही निर्ढावलो होतो. "पुढचं!" "पुढचं!"

मग चौसष्ट. कोळशाने काढलेली एक पाठ. म्हातारीची, कुशीवर वळवलेली. मणके एकेक मोजून घ्यावेत असे. कमरेशी जखम – ती काढलेलीच नाही, तेवढा कागद कोरा सोडलाय. कडेला ओला फडका धरलेला हात, मनगटापर्यंतच.

शिल्पकाराचा हात वर. फोटोग्राफर म्हणाला, "दवाखान्यात लावायला ठीक आहे." त्याचा हात खाली. दोघं माझ्याकडे बघत राहिले.

मी म्हणाले, "उसनं दुःख आहे. लांबून बघून काढलेलं." हात मांडीवरच ठेवला.

"बाई, खरंच?" शिल्पकार म्हणाला.

"खरंच."

१० नोव्हेंबर

खरंच नव्हतं. इथे तरी खोटं कशाला लिहू? ते चित्र बघताना मनात कौतुक नव्हतं. असं मला कधी जमलं नाही – एकवीस वर्षांपूर्वीही नाही. जळले. आणि जळण्यावर शहाणपणाचे दोन शब्द पांघरले.

११ नोव्हेंबर

डोकं दुखतंय. वह्या तपासल्या नाहीत.

१४ नोव्हेंबर

सह्या करायला बोलावलं होतं. नावं उघडली होती. बाद झालेल्यांची यादीच वर होती.

चौसष्ट – माझं माहेरचं आडनाव. ताईचं नाव. वय अठ्ठावन्न. पहिलंच प्रदर्शन.

ताई चित्रं काढते? कधीपासून? आईचं सगळं करून वेळ कुठून काढते?

म्हणजे ती पाठ आईची. आईची पाठ मी ओळखली नाही! कशी ओळखणार? सुट्टीत दोन दिवस जाते, तेव्हा आई खुर्चीत असते – धुतलेली, विंचरलेली, पावडर लावलेली. पाठ भिंतीकडे. मी गाल धरून "छान दिसतेस गं" म्हणते आणि बस पकडते.

"कुणी ओळखीचं?" शिल्पकाराने विचारलं. "नाही," म्हणाले. सही केली.

१६ नोव्हेंबर

ताईचा फोन. "अगं, एक गंमत सांगू? तुझं लागलं होतं ना, तिथे मीपण एक पाठवलं होतं. नाही घेतलं." हसत होती. "काय बघतात गं ही परीक्षक मंडळी?"

"चुरस असते ताई," म्हणाले.

चुरस! फोन ठेवला आणि न्हाणीघरात नळ सोडून बसले.

२२ नोव्हेंबर

पाच तास बसमध्ये वाक्य जुळवत होते. घरात पाऊल टाकलं तर ताई आईला कुशीवर वळवत होती. मी कळवलं नव्हतं, त्यामुळे खुर्ची नाही, पावडर नाही. नुसता वास.

"बरी आलीस. धर जरा. खांदा नको, कमरेला धर."

मला धरता येईना. आई कण्हली. ताईने माझा हात उचलला आणि बरोबर जागी ठेवला. जखम बघितली. तळहाताएवढी आहे. ताईने ती कोरी का सोडली, ते कळलं.

तिथेच, आईला धरून, सांगितलं. परीक्षक मी होते. एक मत कमी पडलं, ते माझं. जे म्हणाले तेही सांगितलं, शब्द न बदलता.

ताई फडका पिळत होती. पिळतच राहिली.

"उसनं?" म्हणाली. "अगं, नऊ वर्षं झाली. उसनं असतं तर केव्हाच परत केलं असतं."

ओरडली असती तर बरं झालं असतं. जेवायला वाढलं तिने. सुजलेल्या बोटांना कोळसा लागलेला होता. एवढी वर्षं तो काळेपणा मला भांड्यांचा वाटत आला. जेवताना एकच विचारलं, "रजा किती दिवसांची?" चार, म्हणाले.

२३ नोव्हेंबर

ताई सकाळच्या बसने गेली. कुठे, ते सांगितलं नाही. उशीखाली कागद ठेवलाय – औषधांच्या वेळा, कूस दर दोन तासांनी बदलायची, फडका कोमट पाण्यातच. परत कधी येणार, ते त्यात नाही.