फणस, जांभूळ आणि मधली झोळी

जव्हार,
नागपंचमीचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप पुष्पाताईस उत्तमचा साष्टांग नमस्कार.

नाशकात तुझा गुडघा आणि भाऊजींची साखर आटोक्यात असेल, अशी आशा करतो. काम असं काही नाही, सहज लिहितोय.

आमच्या लेकीने, हर्षालीने, मला निवृत्तीची भेट म्हणून झाडांना बांधायची झोळी पाठवली. (लहानपणी मी तिला झोळीत निजवायचो, त्याची ही परतफेड असावी.) सोबत वर बांधायला ताडपत्री होती. फणस आणि जांभळाच्या मध्ये झोळी टांगली. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे मांडव तीस वर्षं मीच घातले, तेव्हा सोबतच्या कागदावरची चित्रं कोण बघतो? ताडपत्री मांडवासारखी सपाट ताणली, चारही कोपरे एका उंचीला. स्नेहसंमेलन हिवाळ्यात असतं, हे काही ध्यानात आलं नाही. दुपारी डोळा लागला, वर दोन घागरी पाणी साचलं आणि ते सगळं एकदम माझ्या पोटावर आलं.

दुसऱ्या दिवशी मधोमध दोरी उंच ताणून दोन्हीकडे उतार केले. वरून थेंब येईना, पाठ मात्र चिंब. मी ताडपत्रीत भोक शोधत बसलो. पोशेरा गावची फागी (आपल्याकडे भाताच्या आवणीला येते ती) बांधावरून बघत होती. "मास्तर, पानी वरून नाय, दोरीवरून येतं," म्हणाली आणि झोळीच्या दोन्ही दोऱ्यांना एकेक चिंधी बांधून गेली. खोडावरचं पाणी आता दोरीवरून चिंधीपर्यंत येतं आणि तिथेच गळून जातं. बी.एड. झालेल्या माणसाला हे सुचलं नाही.

आता कोरडा पडून असतो, त्यामुळे विचार फार येतात. लहानपणी फणसावर तू चढायचीस, जांभळावर मी. वाटणीत नेमकं उलटं झालं आणि आपण दोघंही गप्प बसलो. मी तरी बोलायला हवं होतं. वाटणीची रेघ झोळीच्या बरोबर खालून जाते. आधी पाय तुझ्या जागेत जात होते. बरं दिसेना, म्हणून आता डोकं तिकडे करून निजतो.

तुझा धाकटा,
उत्तम

ता.क. तुझ्या जांभळाला न विचारता दोरी बांधली, रागावू नकोस.

ता.क. दुसरा. तुझी जागा बघायला कोणी गृहस्थ आले होते. जांभूळ तोडावं लागेल म्हणाले. मी झोळीतून उठलो नाही. ताई, ती जागा तू विकू नयेस, असं मला फार वाटतं. पण जागा तुझी आहे. तुझ्या झाडाला सुरगाठच मारली आहे, एका हिसक्यात सुटेल. फक्त, एका झाडाला झोळी टांगता येत नाही.